भिंतीला तोंड फुटते तेव्हा

धागा : घरातल्या छोट्या चित्रपटगृहासाठी भिंतीत आणि छतात दडवलेले स्पीकर, आणि आवाजाचा उगम लपवण्याचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

‘भिंतीला कान असतात’ असे आपण सहज म्हणतो. भिंतीला तोंडही असते, हे म्हणायला मात्र आपल्या भाषेने कधी म्हण घडवली नाही. पुण्या-मुंबईच्या नव्या सदनिकांत आज ती उणीव जाणवते. दिवे मंदावतात, पडद्यावर वीज चमकते, आणि पाऊस थेट डोक्यावर कोसळू लागतो. पण मान वर केली तर छताच्या रंगात मिसळून गेलेल्या दोन-चार गोल जाळ्यांखेरीज काही दिसत नाही. कंत्राटदाराच्या भाषेत हे ‘कन्सील्ड’ काम. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र प्रश्न पडतो, की आवाज हवा पण त्याचा उगम दिसायला नको, ही इच्छा माणसाला केव्हापासून झाली, आणि कोणाला झाली?

या इच्छेचे एक विलक्षण चित्र १६५० साली रोममध्ये छापले गेले. अथानासियस किर्चर हा जर्मन जेझुइट पाद्री तेथील कोलेजिओ रोमानो या विद्यापीठात शिकवत असे. गणित, चुंबकत्व, ज्वालामुखी, चित्रलिपी अशा कोणत्याही विषयाला त्याला हात लावावासा वाटे, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तो ठामपणे चुकलाही. ‘मुसुर्जिया युनिव्हर्सालिस’ या त्याच्या संगीतविषयक महाग्रंथात एका वास्तूचा उभा छेद काढलेला आहे. बाहेरच्या चौकात माणसे बोलत उभी आहेत. चौक आणि आतले दालन यांच्या मधल्या जाड भिंतीत शंखासारखी वळत गेलेली प्रचंड नळी चिणलेली आहे. तिचे रुंद तोंड चौकाकडे आहे आणि निमुळते टोक दालनातल्या अर्धपुतळ्याच्या ओठांशी येऊन थांबते. चौकात कोणी कुजबुजले, की आत पुतळा बोलू लागावा, अशी ही योजना.

हे केवळ कागदावरचे स्वप्न नव्हते. किर्चरने आपल्या खोलीपासून खालच्या दरवाजापर्यंत खरोखरच एक नळी बसवली होती. कोणी भेटायला आले, की द्वारपाल जिने न चढता खालूनच त्याला हाक मारी. पुढे हीच युक्ती त्याने आपल्या संग्रहालयात नेली आणि एका मूर्तीला ‘डेल्फीची देववाणी’ बनवले. पाहुणा प्रश्न विचारी आणि मूर्ती उत्तर देई. या नळ्यांची साद्यंत हकीकत त्याने १६७३ च्या ‘फोनुर्जिया नोव्हा’ या ग्रंथात सांगितली आहे.

(थोडे अवांतर. आपल्या वाचकांना किर्चर अगदीच परका वाटायला नको. १६६७ च्या त्याच्या ‘चायना इलस्ट्राटा’ या ग्रंथात देवनागरी अक्षरांचे तक्ते छापलेले आहेत. आग्र्यास राहून संस्कृत शिकलेल्या हाइनरिश रोट या जेझुइटाने ते त्याला पुरवले. युरोपात छापल्या गेलेल्या देवनागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते.)

चित्रातली एक बाब लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा लागणार आहे. नळीला दिशा नसते. चौकातले बोलणे दालनात पोहोचवणारी नळी दालनातले बोलणेही चौकात पोहोचवू शकते. किर्चरने १६३८ च्या सुमारास सिसिलीतील सिराक्यूजची ती प्रसिद्ध गुहा पाहिली होती, जिला ‘डायोनिसियसचा कान’ म्हणतात. तेथील जुलमी राजा गुहेत डांबलेल्या कैद्यांचे बोलणे वरच्या फटीतून ऐकत असे, अशी दंतकथा आहे. तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. गुहेला हे नाव चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ साली दिले असे सांगतात. पण किर्चरच्या डोक्यात ही दंतकथा घट्ट बसली. भिंतीचे तोंड आणि भिंतीचा कान या त्याच्या लेखी एकाच नळीच्या दोन बाजू होत्या.

‘फोनुर्जिया नोव्हा’ छापली गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण तुलना बोधक आहे. नगारखान्याच्या दाराशी केलेली कुजबुज सुमारे दोनशे फुटांवरील सिंहासनाच्या जागी ऐकू येते, हे रायगडावरचे वाटाडे आजही कागद फाडून दाखवतात. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी पुटपुटलेले शब्द सज्जाच्या समोरच्या टोकाला पोहोचतात. दोन्ही ठिकाणी वास्तूच आवाज वाहून नेते. पण बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला समोर दिसतो. कोणी पुतळ्याआड दडलेला नसतो. किर्चरच्या नळीचे वेगळेपण याच लपण्यात आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील श्रीमंत घरांच्या भिंतींत अशाच नळ्या बसल्या, मात्र देववाणीसाठी नव्हे, नोकरांसाठी. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात नळीच्या तोंडाशी फुंकर मारली, की खाली स्वयंपाकघरातल्या टोकाची शिट्टी वाजे. मग शिट्टी काढून नोकराने कान लावायचा आणि हुकूम ऐकायचा. घराच्या भिंतीत आवाजाची सोय करण्याची ही पहिली सर्रास पद्धत. नोकर दिसायला नको आणि काम मात्र व्हावे, ही त्या समाजाची गरज होती, आणि वास्तुरचनेने ती निमूटपणे भागवली.

आवाजाचा उगम लपवण्याला कलेची प्रतिष्ठा दिली रिचर्ड वॅग्नरने. बायरॉइट येथे १८७६ च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच्या संगीतनाट्यांसाठी बांधलेले नाट्यगृह उघडले. त्यात वादकवृंद रंगमंचापुढच्या खोल खड्ड्यात, बाकदार छपराखाली बसवलेला होता. प्रेक्षकांना ना वादक दिसत, ना त्यांच्यासमोरचे दिवे. सभागृहही अंधारलेले असे. संगीत कोठून येते हे कळू नये आणि प्रेक्षकाने रंगमंचावरच्या जगात विरघळून जावे, हा हेतू. त्या खड्ड्याला वॅग्नर ‘गूढ दरी’ म्हणे. आजच्या होम थिएटरचा आराखडा यात जवळजवळ पुरा आहे : अंधार, एकच उजळलेली चौकट आणि अदृश्य उगमाचा आवाज.

आपल्याकडे चारच वर्षांनी, १८८० साली, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाच्या परंपरेत साथीदार लपले नाहीत. तबलजी आणि पेटीवाला प्रेक्षकांच्या नजरेसमोर बसत. नट आणि साथीदार यांच्यातली नजरानजर हाही रंगतीचा भाग असे. तमाशात तर ढोलकीवाला आणि तुणतुणेवाला यांच्याशिवाय रंगमंचाचे चित्रच पुरे होत नाही. एका परंपरेला उगम लपवल्याशिवाय भ्रम साधत नव्हता आणि दुसरीला उगम दाखवूनही तो साधत होता, हे मला दोन्ही परंपरांबद्दल बरेच काही सांगणारे वाटते.

मग विजेचा स्पीकर आला. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी ज्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तीच आजही बहुतेक स्पीकरांत आहे : कागदाचा शंकू, त्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याभोवती चुंबक. वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह गेला, की ते पुढेमागे हलते आणि शंकू हवेला ढकलतो.

या शंकूची एक जन्मजात अडचण आहे. तो पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उघड्यावर ठेवलेल्या शंकूच्या कडेवरून पुढची दाबलेली हवा मागे घसरते, दोन्ही एकमेकींना खोडून काढतात, आणि मृदंगाच्या धुमेसारखे खर्जातले नाद नाहीसे होतात. उपाय सोपा होता : पुढची आणि मागची हवा भेटूच नये, म्हणून मध्ये एक आडपडदा घालायचा. पडदा जितका मोठा, तितका खर्ज भरदार. आणि घरातला सर्वांत मोठा आडपडदा कोणता? अर्थात भिंत. अभियंते याला ‘इन्फिनिट बॅफल’ म्हणतात. आपण अनंत आडपडदा म्हणू. स्पीकर भिंतीत बसवणे हा पुढे सजावटीचा चोचला मानला गेला, पण त्याचे मूळ शुद्ध भौतिकशास्त्रात आहे. स्पीकरच्या लाकडी पेटीचे मुख्य कामही हाच आडपडदा घालण्याचे असते.

दरम्यान चित्रपट बोलू लागला. मूकपटाच्या काळात पडद्याच्या पुढ्यात वादक बसत. मुंबईतही पेटी-तबल्याची साथ असे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. आवाज आता पडद्यामागच्या भोंग्यांतून येऊ लागला. तो अडू नये म्हणून पडद्यालाच असंख्य बारीक छिद्रे पाडण्यात आली. शब्द नटाच्या ओठांतूनच येतात असे वाटावे, यासाठी उगम नेमका ओठांच्या मागे दडवला होता. किर्चरचा पुतळा अखेर घरोघरच्या प्रेक्षकांना भेटला.

लपवण्याची किंमत याच वेळी पहिल्यांदा हिशेबात आली. अमेरिकेत चित्रपटगृहांतील हजारो वादक थोड्याच वर्षांत बेकार झाले. तेथील वादकांच्या संघटनेने १९२९-३० मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांत ‘डबाबंद संगीता’विरुद्ध जाहिराती दिल्या. त्यांत वाद्ये हिसकावून घेणारा यंत्रमानव चितारलेला असे. मोहीम फसली. प्रेक्षकांना वादकांची आठवण फारशी आलीच नाही, कारण आवाज येतच होता. मूकपटांच्या पुढ्यात वाजवणाऱ्या आपल्याकडच्या पेटीवाल्यांचे काय झाले, यावर मराठीत कोणी नीट अभ्यास केला तर फार बरे होईल.

पडद्यामागून आवाज छतात गेला तो कारखान्या-कचेऱ्यांच्या वाटेने. अमेरिकी सैन्यातील जॉर्ज ओवेन स्क्वायर या अधिकाऱ्याने तारांतून संगीत घरोघर पोहोचवण्याची योजना आखली. ‘म्युझिक’ आणि ‘कोडॅक’ या दोन शब्दांची सांगड घालून १९३४ मध्ये तिचे ‘म्युझॅक’ असे नामकरण झाले. रेडिओने घरे आधीच काबीज केली होती, म्हणून कंपनी हॉटेले, दुकाने आणि कचेऱ्यांकडे वळली. पुढे तिने कामगारांचा उत्साह टिकवण्यासाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे बांधले; प्रत्येक टप्प्यात गती हळूहळू वाढत जाई. हे संगीत लक्षपूर्वक ऐकण्यासाठी नव्हतेच. ऐकतो आहोत हे विसरून हात चालत राहावेत, हाच त्याचा उपयोग. अशा संगीताला दृश्य उगम असणे सोयीचे नव्हते. समोर पेटी दिसली, तर माणूस उठून तिची कळ फिरवील.

आणि ती कळ कोणाच्या हातात असावी, हा प्रश्न अखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. वॉशिंग्टनमधील कॅपिटल ट्रान्झिट कंपनीने १९४८ पासून आपल्या बसगाड्यांत आणि ट्रामगाड्यांत स्पीकर बसवले. बहुतांश संगीत आणि अधूनमधून जाहिराती. पोलॅक आणि मार्टिन या दोन प्रवाशांनी तक्रार केली : आम्ही कामावर जायला गाडीत बसतो, ऐकायला नव्हे, डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. कंपनीने पाहणी पुढे केली, की नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवाशांचा विरोध नाही. २६ मे १९५२ रोजी न्यायालयाने बहुमताने कंपनीच्या बाजूने कौल दिला. सार्वजनिक वाहनात घरातल्याइतका खासगीपणा अपेक्षित धरता येत नाही, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी पूर्ण विरोधी मत नोंदवले : पोटासाठी प्रवास करावाच लागणारा माणूस हा कैद झालेला श्रोता आहे, आणि आज संगीत ऐकवणारी यंत्रणा उद्या प्रचारही ऐकवील. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी तर निवाड्यात भागच घेतला नाही. आपण स्वतः या प्रकाराचे पीडित असून आपल्या भावना फार तीव्र आहेत, असे कारण त्यांनी नोंदवले! सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात इतकी प्रांजळ माघार क्वचितच सापडेल.

त्याच १९५२ साली मॉस्कोत नळीचे दुसरे टोक सापडले. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत अव्हेरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली होती. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर सात वर्षे लटकत होती. तिच्या आत बॅटरी किंवा वीजजोडणी नसलेला, बाहेरून सोडलेल्या रेडिओलहरींनी जागा होणारा एक कान होता. तो घडवणारा लेव्ह थेरेमिन; हात न लावता वाजणाऱ्या विजेच्या वाद्याचा जनक म्हणून संगीतविश्व त्याला आधीपासून ओळखत होते. राइस-केलॉगचा शंकूही तत्त्वतः उलटा चालतो. त्याच्यासमोर बोलले, तर वेटोळ्यात क्षीण का होईना, पण प्रवाह निर्माण होतो. इंटरकॉमच्या जुन्या पेट्यांत एकच स्पीकर आळीपाळीने तोंड आणि कान होत असे.

आता घरात येऊ. १९५० च्या दशकातला अमेरिकी संगीतवेडा गृहस्थ अनंत आडपडद्याचा भक्त होता. कोणी कपाटाच्या दारात, कोणी जिन्याखालच्या फळीत, तर कोणी थेट दोन खोल्यांमधल्या भिंतीत भोक पाडून पंधरा इंची शंकू बसवत असे. पॉल क्लिप्शने १९४० च्या दशकात याहून हुशारी केली. त्याचा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि कोपऱ्याच्या दोन भिंतीच भोंग्याचा शेवटचा भाग बनतात. मात्र १९५४ साली एडगर व्हिलचर याने हेन्री क्लॉस याच्या साथीने ‘ए-आर-१’ हा स्पीकर बाजारात आणला आणि भिंतीची गरजच संपवली. घट्ट बंद पेटीतली हवाच त्याने स्प्रिंगसारखी वापरली. जो खर्ज मिळवायला एरवी कपाटाएवढी पेटी लागे, तो फडताळात मावणाऱ्या पेटीतून येऊ लागला. स्पीकर भिंतीतून बाहेर पडून खोलीत उघड्यावर आला.

घराबाहेरच्या प्रयोगांत मात्र भिंती बोलतच होत्या. १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचा मंडप ल कोर्बुझिए आणि यानिस झेनाकिस यांनी उभारला. त्याच्या बाकदार काँक्रीटच्या कवचावर आतून तीनशेहून अधिक स्पीकर बसवलेले होते, आणि एडगार व्हारेझची विद्युतसंगीताची रचना त्यांतून प्रेक्षकांच्या डोक्यावरून धावत जाई. प्रदर्शन संपले आणि काही महिन्यांत मंडप पाडला गेला.

स्पीकर पुन्हा घराच्या भिंतीत शिरण्याचे कारण आवाज नव्हते. कारण होते दिवाणखाना. स्टिरिओमुळे एकाच्या दोन पेट्या झाल्या होत्या. १९८२ साली डॉल्बी सराउंड घरी आले आणि मागच्या बाजूलाही पेट्या मांडाव्या लागल्या. आवाज सर्वांना हवा होता, पेट्या कोणालाच नको होत्या. १९८३ साली कॅलिफोर्नियात स्कॉट स्ट्रदर्स आणि जेफ स्पेन्सर यांनी सोनान्स ही कंपनी सुरू केली आणि मुळातच भिंतीत बसण्यासाठी घडवलेला स्पीकर विकायला काढला. १९८९ मध्ये अशी कामे करणाऱ्या व्यावसायिकांची ‘सीडिया’ ही संघटना उभी राहिली. तिथून हा स्वतंत्र धंदा झाला.

हे कॅलिफोर्नियातच का घडले, याचे उत्तर बांधकामाच्या इतिहासात आहे. अमेरिकी घराची आतली भिंत पोकळ असते. सोळा-सोळा इंचांवर लाकडी खांब आणि दोन्ही बाजूंना जिप्समचे पातळ तक्ते. मध्ये साडेतीन इंच खोल आणि साडेचौदा इंच रुंद पोकळी आपसूक तयार असते. करवतीने चौकोन कापायचा, तार ओढायची, स्पीकर सरकवायचा, पुढून स्क्रू पिळायचे. मागचे पंजे उघडून तक्त्याला पकडतात. मग जाळीला भिंतीचाच रंग द्यायचा. दुपारभरात काम उरकते.

मराठी मुलखातली भिंत भरीव. वाड्याच्या हातभर रुंद भिंतीत कोनाडे, दिवळ्या, फडताळे होती, कुठे धान्याचे बळदही असे. पण ती सगळी बांधतानाच ठेवलेली. मागाहून भोक पाडायचे तर छिन्नी-हातोडा घ्यावा लागे. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत वर स्लॅब आणि बाजूला विटा. म्हणून आपल्याकडे लपवलेला स्पीकर भिंतीतून आला नाही, तो पीओपीच्या खोट्या छतातून आला. स्लॅबखाली लटकवलेल्या त्या चार-सहा इंचांच्या पोकळीने अमेरिकी भिंतीची जागा घेतली. घराला उंची कमी आणि थाट अधिक देणारे हे खोटे छत नसते, तर आपल्याकडे हा प्रकार इतका रुजला नसता.

या सोयीतून एक विपरीत रीतही आली. पोकळी छतातच आहे, म्हणून सगळेच स्पीकर छतात बसवले जातात. परिणामी पडद्यावरचा नट बोलतो आणि त्याचा आवाज पंख्याशेजारून येतो. १९३१ च्या चित्रपटगृहाला जे कळले होते, ते आजच्या कित्येक घरांना कळलेले नसते : संवादाचा आवाज ओठांच्या दिशेनेच यायला हवा. माणसाचा कान डावे-उजवे तर ओळखतोच, वर-खालीही ओळखतो. म्हणून पुढचे तीन स्पीकर पडद्यामागे किंवा पडद्यालगत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीजवळ हवेत. त्यांच्यासाठी पडद्याच्या भिंतीवर प्लायची आणखी एक पोकळ भिंत उभारणे हाच खरा उपाय. श्रोत्याच्या समोरची रेषा शून्य धरली, तर पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरांनी तिच्याशी प्रत्येकी ३० अंशांचा कोन करावा आणि बाजूचे स्पीकर १०० ते १२० अंशांवर असावेत, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा १९९२ पासूनचा संकेत आहे. छताचा खरा हक्क आला तो डॉल्बी अ‍ॅटमॉसबरोबर. २०१२ साली पिक्सारच्या ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाने ते चित्रपटगृहात आणले आणि २०१४ मध्ये ते घरात पोहोचले. पाऊस, हेलिकॉप्टर, पाखरे यांच्यासाठी वर दोन किंवा चार स्पीकर, संवादासाठी नव्हे.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. अनंत आडपडद्याचे तत्त्व सांगते, की शंकूच्या मागची हवाही तितक्याच जोराने हलते. कॅलिफोर्नियातल्या सुट्या बंगल्यात तो मागचा आवाज बागेत जिरतो. आपल्या इमारतीत तो खोट्या छताच्या पोकळीत फिरतो आणि काही अंशी स्लॅबमधून वरच्या बिऱ्हाडात पोहोचतो. म्हणून मागे बंद डबा असलेला स्पीकर घ्यावा, किंवा पोकळीत खनिज-लोकर भरावी. दिवाणखान्यातले ते स्वच्छ, निर्विकार छत वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला रात्री अकरा वाजता कसे ऐकू येते, याचा विचार आराखड्यात क्वचितच असतो. पोलॅक आणि मार्टिन यांची तक्रार इथे अधिक बळकट ठरते, कारण हे जोडपे कोणत्याही सार्वजनिक वाहनात बसलेले नाही.

लपवण्याच्या या प्रवासाचे शेवटचे टोक म्हणजे जाळीही न दिसणारा स्पीकर. ब्रिटनच्या संरक्षण संशोधन संस्थेत हेलिकॉप्टरमधला गोंगाट कमी करण्यासाठी हलक्या, मधाच्या पोळ्यासारख्या गाभ्याच्या तक्त्यांवर काम चालू होते. ते तक्ते गोंगाट अडवण्यापेक्षा आवाज पसरवण्यातच पटाईत निघाले. १९९० च्या दशकात त्यातून सपाट तक्त्यांचे स्पीकर निघाले. आज अशा जातीचा तक्ता भिंतीत बसवून त्यावर गिलाव्याचा पातळ हात आणि रंग देतात. भिंतच थरथरते आणि बोलते. किर्चरला हे फार आवडले असते. मोठ्या शंकूचा खर्ज मात्र असा तक्ता पुरेसा देत नाही. त्यासाठी वेगळा सबवूफर लागतोच, आणि तो बहुधा सोफ्यामागे दडवला जातो.

ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे, त्यांना इतिहासाच्या विद्यार्थ्याचा एकच सल्ला. छत बंद होण्याआधी तारा ओढून होतील. त्या विजेच्या तारांपासून दूर असाव्यात, छेदायच्या झाल्या तर काटकोनात छेदाव्यात, तारेवर आग न पकडणारे आवरण असावे, आणि दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधावी. मग मोजपट्टी धरून उघड्या छताचे आणि भिंतीचे फोटो काढावेत, आणि ते स्वतःकडे, कागदावर छापून, घराच्या खरेदीखतासोबत ठेवावेत. बहुधा ते फोटो फक्त तारा ओढणाऱ्या वायरमनच्या मोबाइलमध्ये असतात. दोन वर्षांत त्याचा मोबाइल बदलतो, आणि त्या घरातली ती एकुलती एक बखर नाहीशी होते. आठ-दहा वर्षांनी मागचा डावा स्पीकर मुका होतो. नवा माणूस शिडीवर चढतो आणि बोटाच्या पेराने छतावर टकटक करत पोकळ कुठे वाजते ते शोधू लागतो. पडक्या वाड्यांत गुप्तधनाच्या आशेने भिंती ठोकून पाहणारी माणसे हेच करीत.